वडाची साल पिंपळाला

आमच्या नया बाजारात एखादा दुकानदार माल घेताना एक वजन आणि देताना दुसरे वजन वापरू लागला, तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक त्याची पायरी चढणार नाही. देशाच्या कारभारात मात्र हा व्यवहार राजरोस चालतो, आणि तोही विज्ञानाच्या नावाने. ग्वाल्हेरपासून काही तासांच्या वाटेवर, श्योपूर जिल्ह्यात कुनोचे जंगल आहे. या एका जंगलाच्या बाबतीत गेल्या तीस वर्षांत जनुकशास्त्राची साक्ष दोनदा निघाली. पहिल्यांदा ती ऐकली, मान डोलावली, आणि तिच्याप्रमाणे वागलो नाही. दुसऱ्यांदा ती गैरसोयीची होती म्हणून बाजूला सारली. प्राण्यांचे जनुक वाचण्याची विद्या आपल्याला आली. वाचल्याप्रमाणे वागण्याची नीती आली नाही, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

मी इतिहासाचा एम. ए.; जनुकशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु साक्ष कोणी दिली, ती कोणाला नकोशी झाली आणि निकाल लागल्यावर तो कोणी पाळला, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही.

आपल्याकडे सोयरीक जुळवताना आधी गोत्र विचारतात. सीमाभागात मामाची मुलगी करण्याची रीत कित्येक घराण्यांत आहे, हेही मी जाणून आहे. पण तीच रीत पिढ्यान् पिढ्या त्याच दोन-तीन घरांत फिरत राहिली, तर काय होते हे घरातल्या जुन्या जाणत्या बायका डॉक्टरांच्या आधी ओळखत. जंगलातल्या जनावरांचे गोत्र विचारणारे कोणी नाही. कळप लहान झाला, चहूबाजूंनी शेते, रस्ते आणि रेल्वे आली, की नातलगांतच संतती होत राहते. जीनोम म्हणजे प्राण्याच्या पेशीत लिहिलेली त्याची वंशावळ आणि त्याच्या देहाची मांडणी. केस, विष्ठा, रक्ताचा एखादा थेंब यांवरून ती आज वाचता येते. दोन कळपांचा संबंध केव्हा तुटला, कोणते नर-मादी एकमेकांचे किती जवळचे नातलग, कोणत्या कळपात वैविध्य आटत चालले आहे, हे सारे तिच्यातून कळते. या विद्येचे आपल्या देशातील एक मोठे केंद्र हैदराबादची पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र संस्था हे आहे. लुप्त होऊ घातलेल्या प्राण्यांसाठी तिथे स्वतंत्र प्रयोगशाळाही उभी आहे. म्हणजे विद्येची उणीव नाही.

आता साक्ष काय आहे ते पाहू. आशियाई सिंह एके काळी आमच्या मध्य भारतातही होता. शिकारीने तो संपत संपत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काठेवाडातील गीरपुरता उरला. तेव्हा नेमके किती सिंह होते, या आकड्यावर वाद आहे. ते फारच थोडे होते, यावर नाही. जुनागढच्या नवाबांनी आणि पुढे गुजरातने त्यांना जपले. २०२० मध्ये ही संख्या ६७४ होती, २०२५ च्या गणनेत ती ८९१ भरली. या कामाबद्दल गुजरातचे, आणि सिंहाच्या शेजारी गुरे राखणाऱ्या मालधाऱ्यांचे, ऋण मानलेच पाहिजे. पण संख्या वाढली म्हणजे वैविध्य वाढले, असे नव्हे. एकाच वाणाचे शेत शंभर एकर केले तरी वाण एकच राहतो, आणि त्या वाणावरचा रोग शंभर एकरांवर एकदम पडतो. १९८७ सालीच संशोधकांनी दाखवले होते, की गीरच्या वंशातील सिंहांच्या शुक्रजंतूंत विकृतीचे प्रमाण आफ्रिकेतील मोठ्या कळपांपेक्षा कितीतरी अधिक आहे. २०२० मध्ये जुन्या-नव्या वीस सिंहांचे जीनोम ताडून पाहण्यात आले. त्यांत तीस हजार वर्षांपूर्वीचे गुहासिंहही होते. निष्कर्ष असा निघाला, की भारतीय सिंहांत जनुकीय वैविध्य जवळजवळ उरलेलेच नाही.

अशा कळपावर साथ आली तर काय होईल? १९९४ मध्ये टांझानियाच्या सेरेंगेटीत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाने सुमारे हजार सिंह मेले, म्हणजे तिथल्या सिंहांपैकी तिसरा हिस्सा. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये हाच विषाणू गीरच्या दलखाणिया भागात निघाला आणि वीसहून अधिक सिंह काही आठवड्यांत गेले. त्या वेळी निभावले. दर वेळी निभावेलच, याची हमी कोण देणार?

उपाय काही नवा नव्हता. गावात प्लेग शिरला की आपले पणजोबा घरातली सगळी माणसे एका छपराखाली ठेवत नसत. काहींना शेतावरच्या झोपडीत, काहींना दुसऱ्या गावी नातलगांकडे पाठवत. सिंहांचे दुसरे घर ही कल्पना एवढीच साधी आहे. १९९० च्या दशकात भारतीय वन्यजीव संस्थेने निरनिराळ्या जागा पाहून कुनोची निवड केली. आणि मग, वाचकहो, किंमत मोजायला सुरुवात झाली. ती दिल्लीने मोजली नाही, गांधीनगरने मोजली नाही, भोपाळनेही मोजली नाही. १९९८ ते २००३ या काळात कुनोच्या पोटातली चोवीस गावे उठवली गेली. सुमारे दीड हजार कुटुंबे, बहुतेक सहरिया आदिवासी. डिंक, तेंदूपाने, मध आणि औषधी मुळ्या यांवर जगणारे हे लोक जंगलाबाहेरच्या उघड्या जमिनीवर आणून बसवले गेले. त्यांना सांगण्यात आले, की सिंह येणार आहेत.

सिंह आले नाहीत. आजतागायत एकही आला नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की सहा महिन्यांत गीरचे काही सिंह कुनोत आणावेत. त्याच निकालात आफ्रिकेतील चित्ते कुनोत आणण्याचा बेत रद्द करण्यात आला, कारण तो प्राणी इथला नव्हे. वन्य प्राणी कोणा एका राज्याच्या मालकीचा नसतो, हे तत्त्वही न्यायालयाने सांगितले. सहा महिने गेले, सहा वर्षे गेली. २८ जानेवारी २०२० रोजी त्याच न्यायालयाने प्रयोग म्हणून चित्त्यांना परवानगी दिली. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते आले. सिंहासाठी रिकामे केलेले घर चित्त्याला मिळाले. वडाची साल पिंपळाला लावणे यालाच म्हणतात.

चित्त्याविषयी जनुकांची साक्ष काय होती? आपल्या देशात जो चित्ता होता, तो आशियाई उपजातीचा. १९५२ साली तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. त्याचे मूठभर भाऊबंद आज फक्त इराणात आहेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाप्रमाणे आशियाई आणि दक्षिण आफ्रिकेतील चित्ते सुमारे बत्तीस ते सदुसष्ट हजार वर्षांपूर्वी एकमेकांपासून वेगळे झाले. तेव्हा जे परत आले, ते गेलेले नव्हेत. दुसरे कोणी आले आहे. शिवाय चित्त्याचे वैविध्य मुळातच इतके तुटपुंजे, की १९८५ मध्ये एकमेकांशी नाते नसलेल्या चित्त्यांच्या कातडीची कलमे एकमेकांवर लावली, तरी त्यांच्या शरीरांनी ती परकी म्हणून फेकून दिली नाहीत. २०२३ च्या पावसाळ्यात कुनोत काय झाले तेही आठवावे. दक्षिण गोलार्धात वाढलेल्या या जनावरांचे शरीर त्यांच्या जुन्या घड्याळाप्रमाणे आपल्या जून-जुलैत थंडीचे दाट केस वाढवत होते. त्या ओल्या केसांखाली, गळपट्ट्यापाशी जखमा झाल्या, त्यांत किडे पडले आणि रक्तात विष भिनून काही चित्ते दगावले. पुढे इथेच बछडी जन्मली आणि वाढली, हे मी नाकारत नाही; त्या मुक्या जीवांनी जगावे अशीच माझी इच्छा आहे. माझे भांडण चित्त्यांशी नाही. सिंहाच्या वेळी ज्यांना विज्ञानाची शंका आली, त्यांनाच चित्त्याच्या वेळी ती आली नाही, या दुटप्पीपणाशी आहे.

आमच्या ग्वाल्हेरला तर यात इतिहासाचीही साक्ष आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी माधवराव महाराज शिंद्यांनी आफ्रिकेहून सिंह मागवले आणि याच श्योपूर-शिवपुरीच्या टापूत सोडले. सिंहांनी गुरे मारली, माणसे मारली, आणि तो खटाटोप फसला. महाराज कर्तबगार होते, संस्थान श्रीमंत होते, हेतूही वाईट नव्हता. पण त्या काळी सिंहाचे जनुक वाचता येत नव्हते. आपल्याला येते, आणि तरीही आपण त्याच वाटेने जाणार असू, तर महाराजांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

माझ्या या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की मध्य प्रदेशाला स्वतःचे वाघ सांभाळता आले नाहीत, त्यांच्या हाती सिंह कसे द्यावेत? २००९ पर्यंत पन्नाचे वाघ संपले, ही गोष्ट खरी आणि लाजिरवाणी आहे. पण त्याच वर्षी बांधवगड, कान्हा आणि पेंचमधून वाघ आणून पन्ना पुन्हा वसवायला सुरुवात झाली आणि ते वसलेही. शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानात २०२३ मध्ये वाघ परत आले. शिवाय ज्या हातांत सिंह देणे धोक्याचे, त्याच हातांत परदेशी चित्ते देणे सुरक्षित कसे, याचे उत्तर आजवर मिळालेले नाही.

दुसरा आक्षेप, की दुसरे घर गुजरातमध्येच, बरड्याच्या डोंगरात होत आहे. चांगले आहे, व्हावे. पण बरडा गीरपासून शंभर किलोमीटरच्या आसपास. मधल्या मुलखात तीच गुरे, तीच कुत्री आणि चालत जाणारे सिंह. प्लेगच्या गावातून उठून शेजारच्या आळीत राहायला जाणे म्हणजे गाव सोडणे नव्हे.

तिसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि तो मी आदराने घेतो. ते म्हणतात, गीरचेच सिंह कुनोत नेले तर वैविध्य वाढणार कसे, रक्त तर तेच. बरोबर. स्थलांतराने नवे वैविध्य निर्माण होत नाही. पण एका साथीत सगळा वंश बुडण्याचा धोका टळतो, आणि कळप मोठ्या मुलखावर पसरला तर उरलेसुरले वैविध्य आटण्याचा वेग कमी होतो. इथेच जीनोमचा खरा उपयोग आहे. हाती लागतील ते चार सिंह उचलायचे नाहीत. वंशावळ वाचून परस्परांपासून सर्वांत दूरचे निवडायचे. म्हणजे हा आक्षेप स्थलांतराविरुद्ध नाही, आंधळ्या स्थलांतराविरुद्ध आहे.

जनुक वाचून नीट वागता येते, याची उदाहरणे आहेत. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत तिथला प्यूमा वीस-तीसवर आला होता. शेपट्या वाकड्या, हृदयात दोष, नरांत वांझपणा. १९९५ मध्ये शेजारच्या टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या. पुढच्या पिढ्यांत दोष घटले आणि संख्या वाढली. आपल्याकडे ओडिशातील सिमिलिपालचे वाघ इतरांपासून तुटलेले आहेत. तिथे काळ्या, जाड पट्ट्यांचे वाघ इतके का दिसतात, याचे कारण २०२१ मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील संशोधकांनी एका जनुकातील बदलात शोधले. पर्यटकाला तो काळा वाघ नवलाचा वाटतो. जाणत्याला तो धोक्याची घंटा वाटतो. मग काय झाले? २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्या चंद्रपूरच्या ताडोबातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमिलिपालला पाठवण्यात आल्या. झीनत तर झारखंड ओलांडून बंगालात बांकुड्यापर्यंत भटकून आली. तिला धरून परत न्यावे लागले. फळ काय येते ते दिसायला वर्षे जातील. पण ओडिशाने गरज सांगितली आणि महाराष्ट्राने लेक दिली. त्यात महाराष्ट्राची अस्मिता कुठे उणी झाली?

हा प्रश्न मी या अंकाच्या वाचकांना मुद्दाम विचारतो. तुम्ही सीमेवर राहणारी माणसे. घरात एक भाषा, कचेरीत दुसरी. पाटीवर एक नाव, तोंडात दुसरे. अस्मिता म्हणजे काय, ती माणसाला कशी तारते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण अस्मिता माणसांची असते. तिचे ओझे जनावराच्या मानेवर ठेवले, की ते जनावर त्या ओझ्याखाली मरते. सिंह आमच्या घरातला आहे, आम्ही तो देणार नाही, ही भाषा प्रेमाची वाटते. पण मुलीवर प्रेम आहे म्हणून तिला जन्मभर उंबऱ्याआत ठेवणाऱ्या बापाला आपण प्रेमळ म्हणत नाही.

विद्येचा दुसराही एक दुरुपयोग आहे, तो तमाशाचा. रीवाच्या जंगलात १९५१ मध्ये पांढऱ्या वाघाचा बछडा सापडला. त्याचे नाव मोहन. पांढरी पिले हवीत म्हणून त्याचा संबंध त्याच्याच मुलीशी घडवण्यात आला, आणि आज देशोदेशींच्या प्राणिसंग्रहालयांत दिसणारे पांढरे वाघ बहुतेक त्याच वंशाचे आहेत. हा रंग एका जनुकातील एका बदलाचा, हे २०१३ मध्ये सिद्ध झाले. ती वेगळी जात नव्हे. आमच्या ग्वाल्हेरच्या प्राणिसंग्रहालयातही मुले पांढऱ्या वाघापुढे गर्दी करतात. मुलांचा दोष नाही. ते वाघ कसे निपजले, हे त्यांना कोणी सांगत नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने तर हजारो वर्षांपूर्वी संपलेला डायर लांडगा परत आणल्याची दवंडी पिटली. प्रत्यक्षात करड्या लांडग्याच्या चौदा जनुकांत वीस बदल करून जन्मवलेली ती पिले आहेत. शास्त्रीय कौशल्य मोठे, यात शंका नाही. पण संपलेले परत आणता येते असा समज एकदा पसरला, की असलेले राखायचे कशाला, असे विचारणारे निघतातच. उद्या एखादे जंगल धरणाखाली किंवा खाणीखाली घालताना कोणी म्हणेल, काळजी नको, पेशी गोठवून ठेवल्या आहेत.

गोठवलेल्या पेशींना माझा विरोध नाही. अमेरिकेत काळ्या पायाच्या फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या पेशी १९८८ मध्ये गोठवून ठेवल्या होत्या. त्यांतून २०२० मध्ये पिलू जन्माला आले आणि हरवलेले वैविध्य परत मिळवण्याची वाट उघडली. पण ते काम करणाऱ्यांनी त्या प्राण्याचा माळही राखला होता. बियाण्याचे पोते घरात आहे म्हणून कोणी शेत विकत नाही.

तेव्हा मागायचे काय? पहिली मागणी अशी, की सरकारी पैशातून प्राण्यांचे जे जनुक वाचले गेले, त्यांचे निष्कर्ष लोकांपुढे, लोकांच्या भाषेत यावेत. आणि कोणताही प्राणी कुठेही नेण्यापूर्वी त्याची जनुकीय बाजू आधी छापली जावी, सोहळ्यानंतर नव्हे. दुसरी, गीरच्या सिंहांचे दुसरे घर सौराष्ट्राबाहेर, निवडून काढलेल्या कळपानिशी व्हावे. कुनो आता चित्त्यांना दिले असेल तर दुसरी योग्य जागा सांगावी, पण ‘विचार चालू आहे’ हे उत्तर पुरे झाले. तिसरी मागणी मला सर्वांत मोठी वाटते. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. जैविक संपत्तीच्या वापरातून लाभ झाला, तर ती राखणाऱ्या लोकांना वाटा मिळावा, हे तत्त्व त्यात आहे. वनस्पतीच्या मुळीला जो न्याय, तो जंगलाला का नाही? सिंहासाठी गाव सोडले आणि चित्त्यासाठी येणारा पर्यटक पाहिला, त्या सहरियांचा वाटा कुठे आहे? कुनोत पुढे जे काही होईल, त्याच्या प्रत्येक समितीत त्यांचे माणूस बसले पाहिजे, आणि त्या जंगलातून येणाऱ्या पैशातला हक्काचा हिस्सा त्यांना मिळाला पाहिजे. तो देणगी म्हणून नको.

कुणी म्हणेल, जनावरांच्या जनुकांत सहरिया कुठून आले? मी म्हणतो, तेच तर सर्वांत आधी आले. प्रयोगशाळेने धोका सांगितला, संस्थेने जागा दाखवली, न्यायालयाने हुकूम दिला. पण या सगळ्या साखळीत आपला शब्द पुरा पाळला तो एकाच पक्षाने. ज्यांना जीनोम हा शब्दही ठाऊक नव्हता, त्यांनी विज्ञानाच्या सांगण्यावरून घरे सोडली. बाकीच्यांनी अजून काहीही सोडलेले नाही.

— नया बाजार, लष्कर, ग्वाल्हेर